मुठीएवढं पिल्लू, अख्खा कुत्रा

पॉमेरेनियनचं आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू काट्यावर ठेवलं तर जेमतेम अर्धा ते पाऊण किलो भरतं. त्याच वयाचं लॅब्राडोरचं पिल्लू चार-पाच किलोंचं असतं. पॉम, शिह त्झू, माल्टीज, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल, पग या सगळ्या जाती 'टॉय' म्हणून ओळखल्या जातात आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची पसंती बऱ्याचदा त्यांनाच असते. लहान कुत्रं म्हणजे कमी काम, असा त्यामागे हिशेब असतो. पहिल्या दोन महिन्यांपुरता तरी तो चुकतो.

या पिल्लाचं शरीर खरोखरच नाजूक असतं. साखर, ऊब, हाडांची ताकद, लघवी धरून ठेवण्याची क्षमता, सगळंच तोकडं. डोकं मात्र पूर्ण कुत्र्याचं असतं. त्याला भीती वाटते, राग येतो, शिकायचं असतं, आणि त्याला नियमही हवे असतात. घरोघरी नेमकं उलटं होताना दिसतं. शरीराच्या बाबतीत 'कुत्रंच आहे, राहील' म्हणतात आणि वागण्याच्या बाबतीत 'बाळ आहे, राहू दे' म्हणतात. पिल्लू रुळण्यातल्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात, म्हणून पुढचं सगळं या एका धाग्याने समजून घेऊ.

कधी आणायचं

आपल्याकडे 2017 साली आलेल्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. टॉय जातींचे जाणकार ब्रीडर तर बऱ्याचदा दहा-बारा आठवडे थांबतात आणि ते बरोबरच आहे. त्या चार आठवड्यांत वजन वाढतं, खाणं नीट सुरू होतं, आणि भावंडांशी मस्ती करताना किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हेही कळतं. हा धडा माणसाला तितक्या चांगल्या रीतीने शिकवता येत नाही. 'डोळे उघडलेत, दूध पितंय, आजच घेऊन जा' असं कुणी म्हणत असेल तर तिथून पिल्लू घेऊ नका.

'टी-कप' नावाच्या प्रकारापासूनही लांब राहा. कुठलाही मान्यताप्राप्त केनेल क्लब असा प्रकार मानत नाही. जास्त पैसे मोजून आपण मुद्दाम खुरटवलेलं, बऱ्याचदा आजारी पिल्लू घरी आणत असतो. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहायला मागा. लसीचं कार्ड, जंताचं औषध कधी दिलं त्याची तारीख, सध्या कोणतं खाणं, दिवसातून किती वेळा आणि किती वाजता, हे सगळं लिहून घ्या. आईच्या अंथरुणातला एखादा न धुतलेला कपडा मिळाला तर तोही आणा. पहिल्या रात्री त्याचा फार उपयोग होतो.

साखर उतरते म्हणजे काय

टॉय पिल्लू घरी आणणाऱ्या प्रत्येकाला ही एक गोष्ट माहीत असायलाच हवी. खाल्लेल्या अन्नातली साखर शरीर लगेच सगळी वापरत नाही, काही भाग यकृतात साठवून ठेवतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात हाच साठा रक्तात सोडला जातो. त्याशिवाय स्नायू आणि चरबी यांचाही आधार असतो. टॉय पिल्लाचं यकृत इवलंसं आणि अजून पुरतं तयार नसलेलं, स्नायू नाहीत, चरबी नाही. उलट खर्च मोठा. लहान शरीर भराभर गार पडतं, त्यामुळे ऊब टिकवायलाच बरीच ऊर्जा जाते, आणि मेंदूला तर सतत साखर लागतेच. मोठ्या जातीचं पिल्लू एखादं जेवण चुकलं तरी निभावून नेतं. याचं काही तासांच्या उपाशीपणातही बिघडू शकतं. त्यात प्रवास, थंडी, जुलाब, जंत किंवा नुसती दगदग असेल तर आणखी लवकर. रक्तातली साखर दर 100 मिलिलिटरमागे 60 मिलिग्रॅमच्या खाली गेली की मेंदू अडखळायला लागतो. सर्वांत जास्त धोका तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत असतो, आणि त्यातही नव्या घरातले पहिले काही दिवस.

हे दिसतं कसं, ते आमच्या सोसायटीतलं एक उदाहरण सांगून दाखवते. एका काकूंकडे माल्टीजचं पिल्लू रविवारी आलं. दिवसभर पाहुण्यांची रीघ, पिल्लू या हातातून त्या हातात. खाण्याला त्याने फक्त तोंड लावलं, 'नवीन जागा आहे, उद्या खाईल' म्हणून वाटी उचलून ठेवली गेली. सोमवारी सकाळी ते उठलं, चार पावलं चाललं आणि त्याचे मागचे पाय फाकले. मान एका बाजूला कललेली, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. काकू म्हणाल्या, "झोपेत आहे गं अजून." ओठ वर करून पाहिला तर हिरड्या फिक्या, पंजे गार. बोटावर मध घेऊन हिरड्यांना आतून चोळला, टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं. थोड्या वेळाने त्याने जीभ फिरवली, मग मान सरळ केली. तिथून थेट डॉक्टरांकडे.

तर लक्षणं हीच: सुस्ती, झोकांड्या, थरथर, हरवलेली नजर, गार पडलेलं अंग. पुढे गेलं तर झटके आणि बेशुद्धी. मध नसेल तर साखरेचा घट्ट पाक किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून चालते. शुद्धीवर नसलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी, दूध काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तेव्हा फक्त हिरड्यांना चोळायचं, तेही बोट दातांमध्ये सापडणार नाही अशा बेताने. पिल्लू तरतरीत झालं की थोडं खायला द्यायचं, आणि बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. साखर उतरण्यामागे जंत, संसर्ग किंवा यकृताच्या रक्तवाहिनीतला जन्मजात दोष असू शकतो. यॉर्कशायर टेरियर आणि माल्टीजमध्ये हा दोष तुलनेने जास्त आढळतो.

हे टाळायचं कसं, तर दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला घालून. शेवटचं खाणं रात्री अकराच्या सुमारास, पहिलं सकाळी सहाला. पहिला आठवडा ब्रीडर देत होता तेच खाणं ठेवा. बदलायचं असेल तर जुन्यात नवं मिसळत आठवडाभरात बदला. सुकं खाणं कोमट पाण्यात भिजवून मऊ केलं की वासही सुटतो आणि चावायलाही सोपं जातं. मोठ्या पिल्लाला 'भूक लागली की खाईल' हा नियम लावता येतो, इथे लावू नका. एक जेवण पूर्ण टाळलं तर लक्ष ठेवा, दुसरंही टाळलं तर डॉक्टरांना फोन करा.

दूध-चपाती आणि दूध-बिस्किट ही आपल्याकडची जुनी सवय आहे, ती मात्र सोडायला हवी. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि अर्ध्या किलोच्या पिल्लाला एका दिवसाचे जुलाबही झेपत नाहीत. शिवाय बिस्किटाने पोट भरतं, वाढीला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज सकाळी खाण्याआधी पिल्लाचं वजन करून कॅलेंडरवर लिहा. या वयात वजन रोज थोडं वाढायला हवं. थांबलं किंवा उतरलं तर काहीतरी बिनसलंय हे इतर लक्षणांच्या आधी काटाच सांगतो.

ऊब

पुण्या-नाशिकची डिसेंबरातली थंडी, एसीचा थेट झोत आणि गार लादी, तिन्ही या पिल्लाला बाधतात. टोपलीत जाड पांघरूण आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा, पण टोपली पुरेशी मोठी हवी, म्हणजे उकडलं तर त्याला बाजूला सरकता येईल. पहिल्या आठवड्यात आंघोळ नको. पुढे घातली तर अंग मुळापर्यंत कोरडं झालंच पाहिजे. पग आणि शिह त्झू यांची गोष्ट उन्हाळ्यात उलटी होते. चपट्या नाकामुळे त्यांना धापा टाकून अंग थंड करणं जड जातं, म्हणून एप्रिल-मे महिन्यात त्यांना सकाळी लवकर किंवा रात्रीच बाहेर काढावं.

हात, सोफा आणि पायात येणं

टॉय जातींच्या पुढच्या पायाची मनगटाजवळची हाडं पेन्सिलीपेक्षाही बारीक असतात. सोफ्यावरून उडी, कडेवरून निसटणं, एवढ्यावर ती मोडतात. या जातींत त्या भागाचा रक्तपुरवठाही कमी असतो, त्यामुळे हाड जुळायला वेळ लागतो आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया करून हाडाला धातूची पट्टी बसवावी लागते. म्हणून पिल्लू सोफ्यावर, पलंगावर एकटं ठेवायचं नाही. मुलांना एकच नियम सांगा: पिल्लाशी खेळायचं तर जमिनीवर मांडी घालून बसायचं. मग ते मांडीवर चढेल, उतरेल, पडलं तरी वीतभरच पडेल. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. काखेत धरून किंवा मानेची कातडी पकडून उचलू नका. पगच्या बाबतीत तर मान आवळली गेल्याने डोळा खोबणीतून बाहेर येण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

चिवावाच्या पिल्लाच्या डोक्यावर तान्ह्या बाळासारखी मऊ टाळू असू शकते, तिथे हलकासा मारही जिव्हारी लागतो. घरात चालताना पाय घासत चालायची सवय लावून घ्या, आणि दार लावण्याआधी खाली बघा. बाल्कनीच्या जाळीतून कबूतर आत येत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण रेलिंगच्या दोन गजांमधून पाऊण किलोचं पिल्लू आरामात निसटतं. पिल्लू येण्याच्या आधीच खालच्या दोन फुटांना बारीक जाळी बांधून घ्या.

गळ्यात पट्टा फक्त नाव-नंबरच्या बिल्ल्यापुरता. दोरी बांधायची ती छातीच्या हार्नेसला. श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या कूर्चेच्या कड्या पॉम आणि यॉर्कीसारख्या जातींत कमकुवत असतात. गळ्याला ओढ बसत राहिली की हंस ओरडल्यासारखा खोकला सुरू होतो आणि तो पुढे सुटता सुटत नाही.

पहिल्या रात्री

पिल्लू रडणार. आजवर ते एकही रात्र एकटं झोपलेलं नसतं, आई आणि भावंडांच्या ढिगात झोपलेलं असतं. 'रडू दे, सवय होईल' हा सल्ला मला पटत नाही. एकटं पडल्याच्या भीतीने ते तासन् तास रडतं, दमतं, आणि दगदगीने साखर उतरते हे आपण वर पाहिलंच. त्याची टोपली किंवा छोटा पिंजरा तुमच्या पलंगाला लागून ठेवा, आईच्या वासाचा कपडा आत ठेवा. कुरकुर सुरू झाली की हात खाली सोडून बोटं हुंगू द्या. बहुतेक पिल्लं एवढ्यावर शांत होतात. रात्री एकदा-दोनदा शू करायला न्यावं लागेल. तेव्हा दिवा मंद, बोलणं नाही, खेळणं तर नाहीच. आठवडा-दोन आठवड्यांत झोप लागायला लागली की टोपली रोज थोडी थोडी सरकवत तिच्या कायमच्या जागी न्या.

दिवसाही पिल्लू खूप झोपतं, चोवीस तासांत अठरा-वीस तास. पहिले तीन-चार दिवस पाहुण्यांना येऊ देऊ नका. मावशी रागावतील, पण नंतर बोलवता येतं.

शी-शू

टॉय जातींना शिस्त लागत नाही, अशी त्यांची बदनामी आहे. त्यातलं अर्धं खरं कारण शरीराचं. मूत्राशय लिंबाहूनही लहान, दर एक-दीड तासाला शू येणारच. उरलेलं कारण माणसाचं. लॅब्राडोरने हॉलमध्ये शू केली तर घरभर धावपळ होते, पॉमच्या चमचाभर थारोळ्यावर कुणीतरी गुपचूप फडकं फिरवतं आणि विसरतं. त्यामुळे पिल्लाला कधी कळतच नाही की जागा ठरलेली आहे.

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, आणि खेळ थांबल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. तिथे केलं की त्याच क्षणी खाऊ द्या, आत आल्यावर दिलेल्या खाऊचा अर्थ त्याला लागत नाही. बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये पॅड किंवा कृत्रिम हिरवळीचा चौकोन चांगला. वर्तमानपत्र स्वस्त पडतं खरं, पण मग आजोबांनी वाचून खाली ठेवलेला पेपरही त्याला तेवढाच योग्य वाटणार. लक्ष ठेवता येत नसेल तेव्हा छोट्या कुंपणात ठेवा. घरभर मोकळं सोडलेलं पिल्लू चुकणारच. चुकलं तर ओरडू नका, नाक घासू नका. त्यातून ते फक्त तुमच्यापासून लपून, सोफ्यामागे करायला शिकतं. वास मुळातून घालवणारं एन्झाइमवालं क्लीनर वापरा. फिनेल नको, कारण हे पिल्लू लादीपासून दोन इंचांवर जगतं, आणि पंजे चाटतं.

लस आणि 'बाहेर नेऊ नका'

इथे गोंधळ सर्वांत जास्त होतो, म्हणून जरा सावकाश. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून तयार संरक्षण मिळतं. ते हळूहळू ओसरतं, पण प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेगाने, साधारण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान. गंमत अशी की हे उसनं संरक्षण शिल्लक असतं तोवर ते लसीलाही निकामी करतं. कुठल्या दिवशी ते पुरेसं ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून लस एकदाच देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत देत राहावी लागते. पहिली लस वाया गेली तर दुसरी पकडेल, दुसरी गेली तर तिसरी. 'दोन झाल्या, पुरे' असं म्हणून शेवटची टाळणं म्हणूनच धोक्याचं असतं. रेबीजची लस तीन महिन्यांना, आणि महापालिकेच्या परवान्यासाठीही तिचा दाखला लागतो.

भीती मुख्यतः पार्व्होची. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्यांचं अस्तर उद्ध्वस्त करतो, उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, आणि टॉय पिल्लाला त्यातून सावरायला फारच कमी अवधी मिळतो. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. तुमच्या चपलेला चिकटूनही घरात येतो, म्हणून चपला दाराबाहेर. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) लसीचाही विचार डॉक्टरांशी बोलून करा.

'एवढंसं पिल्लू, अर्धाच डोस द्या' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. लसीचा डोस वजनावर ठरत नाही, तो पूर्णच द्यावा लागतो. मात्र एकाच भेटीत अनेक लशी दिल्या तर लहान कुत्र्यांना सूज, उलटी अशी प्रतिक्रिया येण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा जास्त असते. रेबीजची लस वेगळ्या दिवशी घेता येईल का ते विचारा, आणि लस झाल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा.

आता दुसरी बाजू. कुत्र्याच्या मनाची जग ओळखण्याची खिडकी साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत उघडी असते. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याच्यासाठी नेहमीचं होतं. नंतर भेटलेल्या नवीन गोष्टीची आधी भीती वाटते. म्हणजे लशी पूर्ण होतात तेव्हा ही खिडकी जवळपास मिटलेली असते. सगळ्या लशी होईपर्यंत घरात कोंडून ठेवलेलं पॉम पुढे आयुष्यभर लिफ्टमधल्या प्रत्येक माणसावर भुंकतं, ते यामुळे.

मार्ग सोपा आहे. जमिनीवर नको, पण बाहेर हवं. कडेवर किंवा झोळीसारख्या बॅगेत घालून रोज थोडा वेळ सोसायटीच्या गेटपाशी उभं राहा. रिक्षा, भाजीवाला, शाळेची मुलं, छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत येणारे आजोबा, सगळं लांबून पाहू द्या. लसीकरण झालेल्या, निरोगी, शांत कुत्र्याला त्याच्या घरी भेटायला न्यायलाही हरकत नाही. अनोळखी कुत्र्यांची ये-जा असलेली बाग आणि रस्त्यावरची माती तेवढी टाळायची.

घरातले आवाजही असेच. कुकरच्या शिट्टीचं घ्या. पहिल्या दिवशी पिल्लू आतल्या खोलीत, दार लोटलेलं. शिट्टी झाली की लगेच ज्वारीच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. दोन-तीन दिवसांनी दार उघडं, मग हॉलमध्ये, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. काही दिवसांत शिट्टी वाजली की ते पळून जाण्याऐवजी तुमच्याकडे बघतं. मिक्सर, दाराची बेल, घंटागाडीचं गाणं याच पद्धतीने. गणपतीचे ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर अगदी हळू आवाजात, खाणं चालू असताना लावा, आणि आवाज आठवड्याआठवड्याने वाढवा. पिल्लाने खाणं थांबवलं किंवा कान मागे पाडले तर आवाज जास्त झाला असं समजून एक पायरी मागे या.

स्वयंपाकघरातलं विष

विषाचं गणित वजनावर चालतं. लॅब्राडोरला नुसती मळमळ होईल एवढ्या चॉकलेटने टॉय पिल्लाचा जीव जाऊ शकतो. आपल्या घरात चॉकलेटपेक्षाही जवळचे शत्रू आहेत: प्रसादाच्या शिऱ्यातले आणि दिवाळीच्या चिवड्यातले बेदाणे, ज्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांदा आणि लसूण, कच्चे-शिजलेले किंवा मसाल्यातले, कोणत्याही रूपात, झायलिटॉल असलेली शुगर-फ्री च्युइंगम आणि मिठाई, जी साखर आणखी खाली पाडते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, कुंडीतली कण्हेर आणि सायकस पामही याच यादीत. पिल्लाचं अंग गरम लागलं म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका. गोचीड-पिसवांचं औषधही वजन आणि वय पाहून डॉक्टरांनी दिलेलंच. मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी करून लावणं हा काटकसरीचा सर्वांत वाईट प्रकार आहे.

दातांबद्दल दोनच शब्द. 28 दुधाचे दात पडून सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के येतात, पण टॉय जातींत दुधाचे सुळे बऱ्याचदा पडतच नाहीत आणि पक्क्या सुळ्याला चिकटून उभे राहतात. सहाव्या महिन्यात डॉक्टरांना तोंड उघडून बघायला सांगा. नसबंदी करणार असाल तर त्याच भुलेत ते काढून घेता येतात.

गुरगुरतं तेव्हा

पाऊण किलोचं पिल्लू गुरगुरलं की घरातले हसतात, व्हिडिओ काढतात. पिल्लाच्या बाजूने बघा. त्याने 'नको' म्हटलं आणि कुणी ऐकलं नाही. असं वारंवार झालं की ते गुरगुरणं सोडून थेट चावायला शिकतं. टॉय जातींना हे फार सोसावं लागतं, कारण त्यांना कुणीही, केव्हाही, मागून येऊन उचलतं. यावर एक साधी सवय लावा. उचलण्याआधी 'वर' असं म्हणा, क्षणभर थांबा, हात छातीखाली आणा, आणि मगच उचला. थोड्याच दिवसांत 'वर' ऐकल्यावर पिल्लू स्वतःच अंग सैल सोडतं किंवा पुढचे पाय उचलतं. पाहुण्यांनाही हाच नियम. आणि भुंकलं की लगेच कडेवर घेणं थांबवा. त्यातून त्याला कळतं ते एवढंच की भुंकलं की उंची मिळते. त्याऐवजी वळा, चार पावलं दुसरीकडे चाला, गप्प झालं की शाबासकी द्या. लॅब्राडोरला जे चाललं नसतं, म्हणजे ताटात तोंड घालणं, पायाला चावे घेणं, अंगावर उड्या मारणं, ते यालाही चालू देऊ नका.

राहिला प्रश्न एकटं राहण्याचा. बरेच जण पिल्लासाठी आठवडाभर सुट्टी काढतात, पूर्ण वेळ त्याला मांडीवर ठेवतात, आणि सोमवारी सकाळी नऊला दार ओढून निघून जातात. पिल्लाला हा धक्का झेपत नाही. पहिल्या दिवसापासूनच त्याला कुंपणात चघळायला काहीतरी देऊन तुम्ही नजरेआड व्हा, आधी अर्धा मिनिट, मग पाच, मग खाली जाऊन दूध आणण्याइतका वेळ. जाताना लाडाचा निरोप नको आणि आल्यावर जल्लोषही नको. एवढं करूनही, चार महिन्यांचं होईपर्यंत त्याला दुपारी उपाशी ठेवून आठ-नऊ तास घराबाहेर राहता येणार नाही. घरी कुणी नसेल तर शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या, एक आणि चार वाजताचं खाणं डब्यात मोजून ठेवा, आणि हिरड्यांना मध कसा चोळायचा ते त्यांना एकदा समोर करून दाखवा.